क्लोतिल्दे मावशीला शहरात आणायचा बेत

शुक्रवार, १६ ऑगस्ट

ठरलं. क्लोतिल्दे मावशीला सान साल्वादोरला, माझ्याकडे राहायला आणायचंच. उद्या सकाळच्या बसने तिच्या गावी, इलोबास्कोला, रविवारी संध्याकाळी मावशीसकट परत. आई गेल्यावर मला वाढवलं ते तिने. आता माझी पाळी. विधवा बाई, साठी उलटलेली, एवढ्या घरात एकटी. कोंबड्या सोडल्या तर बोलायला आहे कोण?

मागच्या खोलीतली सायकल आणि खोकी हलवली. खोलीला खिडकी नाही. पण मावशीचा दिवस तसाही स्वयंपाकघरातच जाणार.

यात माझा काडीचा स्वार्थ नाही. बायको, सोनिया, मला सोडून गेल्यापासून माझं जेवणाचं उत्तम चाललं आहे. आजचा राजमा जरा करपला, पण तो भांड्याचा दोष.

शनिवार, १७ ऑगस्ट. बसमध्ये

मनातल्या मनात भाषणाची तालीम. 'मावशी, आता तुझे विश्रांतीचे दिवस' इथे माझा आवाज कापरा होतो. मुद्दाम नाही, आतूनच येतं. बहुधा थोडं मोठ्याने झालं. शेजारच्या बाईने विचारलं, बस लागते का तुम्हाला? आणि खिडकी उघडून दिली.

शनिवार, दुपारी

पोचलो. दार उघडलं चौकातल्या गिरणीवाल्या ओविदिओने. मावशीचा मका दळतो तो म्हातारा. अंगात मावशीचा एप्रन, हातात डाव. चुलीवर कोवळ्या मक्याची पेज ढवळत होता. मावशीने घरकामाला ठेवलेला दिसतो. बरं केलं, गिरणीत हल्ली काय मिळतं? बॅग त्याच्या हातात दिली आणि आत ठेवायला सांगितलं. ठेवली बिचाऱ्याने. नोकरमाणसांशी सलगी करू नये, पण गोड बोलावं.

घरात ही गर्दी! मामेबहीण दिनोरा नवऱ्यासकट सांता आनाहून आलेली, शिवाय इतर दहाबारा. मी दिनोराला फोनवर म्हणालो होतो की रविवारी काहीतरी मोठं सांगणार आहे. तिने गावभर केलेलं दिसतं. असो. साक्षीदार असलेले बरे.

मावशीला म्हटलं, तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचंय. ती म्हणाली, मलाही तुझ्याशी बोलायचंय रे गार्दो, पण किती वाळलास! आधी जेव. गावठी कोंबडीचं सूप, त्यातलीच कोंबडी निखाऱ्यावर भाजून, भात, गरम जाड भाकऱ्या. बोलायचंच होतं. पण तोंड सतत भरलेलं. नंतर झोपाळ्यात विचार करायला जरा आडवा झालो.

शनिवार, संध्याकाळी

उठलो तोवर पुपुसांची तयारी सुरू. मीही थापायला बसलो. शहरात माझी मदत असेल हे मावशीला दिसायला नको? मक्याच्या पिठाचा गोळा, आत चीज आणि लोरोको वेलीच्या कळ्या, तोंड बंद करून थापायचं. यात कठीण ते काय.

पहिली तव्यावर फुटली. दुसरी हातातच. दिनोरा म्हणाली, ही पुपुसा आहे की देशाचा नकाशा? बघा बघा, चीज सीमा ओलांडून होंडुरासात पळालं! सगळे खदाखदा हसले. ज्यांना कल्पनाशक्ती नसते ते असं हसतात.

ओविदिओची पुपुसा तर माझ्याहून वाईट. एका बाजूने कोळसा. तरी मावशीने तीच घेतली आणि सगळी खाल्ली. वर त्याच्या प्रत्येक वाक्याला हसते. तो म्हणाला, आज ढग आले आहेत. हसली. एकटेपणाने माणसाचं असं होतं. तिला इथून काढायलाच हवं.

रविवार, १८ ऑगस्ट. सकाळी

चर्चमधल्या प्रार्थनेहून आलो. ओविदिओ कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या बाकावर, मावशीच्या शेजारी. मला मागे खांबाआड जागा. मावशी नोकरांना फारच लाडावते. बायाबापड्या येऊन तिचा हात दाबून जात होत्या. निरोपच देत असणार.

रविवार, दुपारी

झालं ते लिहून ठेवतो.

मक्याच्या आंबील-दारूत शिजवलेला कोंबडा ताटात आला. सणासुदीचा पदार्थ. म्हटलं, हीच वेळ. पेल्यावर चमचा वाजवून उभा राहिलो. पूर्ण भाषण केलं. कापरा आवाज वेळेवर आला. शेवटी म्हणालो, मावशी, सामान बांध, संध्याकाळची बस आहे.

कोणी टाळ्या वाजवेना. दिनोराला ठसका लागला.

मावशी म्हणाली, गार्दो, राजा, खाली बस. मी नोव्हेंबरात लग्न करतेय. ओविदिओशी. सगळे त्यासाठीच जमलेत. तुला कालच सांगणार होते, सगळ्यांच्या आधी. पण तू जेवलास आणि घोरायला लागलास.

मी म्हणालो, मला माहीतच होतं.

ओविदिओ उठला आणि त्याने कोंबड्याची तंगडी माझ्या ताटात वाढली. म्हणाला, खा बाबा, भाषणाने भूक लागते. मी खाल्ली. टाकून देणं बरं दिसलं नसतं. फार सुरेख शिजली होती.

रविवार, निघण्यापूर्वी

मावशी स्वयंपाकघरात केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तामाल बांधून देत होती. हात न थांबवता म्हणाली, खरं सांग, तुला मी हवी होते की माझं जेवण? म्हटलं, मावशी, हे काय बोलणं, अर्थात तू.

तिने हातातला तामाल खाली ठेवला. मग विचारलं, घर खायला उठतं का रे?

मी म्हणालो, छे, उलट निवांत आहे. धुराने डोळ्यांत पाणी येतंय, एवढंच. चूल कधीच विझलेली होती, हे बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं.

सोमवार, १९ ऑगस्ट

मावशीचा फोन. लग्नाची कामं वाटून झाली. तिचा हात धरून तिला चर्चमध्ये नेण्याचा मान माझाच, हे मी गृहीत धरलं होतं. तो दिनोराच्या नवऱ्याला. तो उंच आहे म्हणे. माझ्यावर सुपाची जबाबदारी. म्हटलं, विश्वासाचं काम आहे, ढवळायला धीर लागतो. ती म्हणाली, ढवळायला शेजारीण येतेय. तू फक्त ओविदिओच्या कुत्र्याला सुपापासून लांब ठेव.

हरकत नाही. कुत्रा मोठा आहे.

फोन ठेवता ठेवता विचारलं, येत्या शनिवारी आलो तर? काम असं काही नाही.

ती म्हणाली, काम नसेल तरच ये. परवा काम घेऊन आलास, त्यात धड भेटसुद्धा झाली नाही आपली.

हो म्हणालो. बस कधी सुटते ते मला पाठ आहे. तरी तिला विचारलं. तिने सावकाश सांगितलं, मी लहान असताना सांगायची तसं, आणि मी ऐकून घेतलं.