डाव्या हाताची खोड

मंगळवार, संध्याकाळ

आज पण तेच. कॉलेजातली मैत्रीण श्वेता, तिच्या आवडीची ती जॅझची धून उजव्या हाताला येते, पण डावा हात भाता शोधत पियानोच्या मागं जातो. लहानपणापासून भजनात पेटी वाजवली, दुसरं काय होणार? चर्चमध्ये पियानो शिकवणारे डेव्हिड सर हसले, "अरे, भाता न्हाय हितं! कॉर्ड धर की, तीन सूर एकदम."

तेवढ्यात श्वेताचाच फोन. रविवारी तिचा साखरपुडा. "येते तितपत वाजव की रे, आत्ताच. नंतर कुठं ऐकायला मिळणार?"

हा मेला डावा हात! मी तिच्यावरच ओरडलो, "अर्धवट कायपण वाजवणार नाही मी!"

"कॉलेज अर्धवट सोडलंस, ते चाललं की," म्हणाली आणि फोन ठेवला.

काय चुकलं तिचं? आता उचलत नाही.