चाकाखालचा दगड

प्रिय निलू,

पत्र बघून दचकू नकोस. इथे सगळं ठीक आहे, घाबरायचं काम तेवढं मी एकटीने अंगावर घेतलं आहे. फोन का केला नाही म्हणशील, तर तुझ्या पप्पांचे कान हल्ली माझ्या फोनलाच चिकटलेले असतात. तुझा फोन आला की आधी स्पीकर लाव म्हणतात. आणि तुझ्या पोटात तरी त्यांच्यापासून कधी काही राहिलंय? मी अर्धं सांगेपर्यंत तू त्यांनाच फोन लावशील. आत्ता ते बंदरावर गेलेत. बोटी लागल्यात, म्हणजे चार ओळखीचे भेटणार, गप्पा रंगणार. तेवढ्यात लिहून काढते.

उद्या सकाळी ते तुला बाळंतपणासाठी घरी आणायला तुझ्या सासरी वेवजीला निघणार आहेत. आपल्या गाडीतून, स्वतः चालवत. 'माझी पोर आठव्या महिन्यात भाड्याच्या जीपमध्ये कोंबून नाय येणार' हे त्यांनी सगळ्या आळीला सांगून झालंय. बोर्डीच्या रस्त्याला खड्डे आहेत, तुला हिसके बसतील, म्हणून हायवेने तलासरीवरून यायचं ठरवलंय. त्या हायवेवर कसले ट्रक धावतात ते तुला माहीत आहे. 

गाडी तीच गं, तू बालवाडीत असताना घेतलेली पांढरी. वर्षाला तिला काम ते काय, दसऱ्याचा हार, महालक्ष्मीच्या जत्रेची एक फेरी आणि आळीत कुणाचं लग्न निघालं तर नवरदेव. बाकीचे दिवस वाळत घातलेल्या बोंबलांशेजारी उभी. खारं वारं माणसाच्या हाडात शिरतं, तिथे लोखंडाची काय कथा! यंदा पाऊस सरल्यावर पप्पांनी ती बाहेर काढायला घेतली तर चाकच फिरेना. पावसाळाभर हँडब्रेक ओढून ठेवलेला, आतले ब्रेकचे लायनर गंजून चाकातल्या ड्रमला चिकटून बसलेले. जिग्नेश गॅरेजमधून येऊन हातोडीने ठोकत बसला तेव्हा कुठे सुटले. त्या दिवसापासून पप्पांचा हुकूम निघाला, हँडब्रेकला कुणी हात लावायचा नाही. त्याऐवजी चाकाखाली दगड. माझा पाटा फुटला होता ना, त्याचाच अर्धा तुकडा तिथे लागला.

मग मागच्या चाकातून ब्रेकचं ऑइल गळायला लागलं. जिग्नेशने रबर बदललं. पुढे पॅडल पार खाली जायला लागलं, तेव्हा त्याने नळीतली हवा काढली. हे सगळं खरंच बिघडलेलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्यानंतरही यांचं आपलं चालूच, ब्रेक लागत नाही. एकदा गाडी सरळ शेजारच्या लक्ष्याभाऊंच्या बोंबलांच्या काठ्यांत घुसली, काठ्या आडव्या आणि बोंबील वाळूत. यांनी बोट चालवायची सोडली तरी लक्ष्याभाऊ अजून तांडेलच म्हणतात, ते म्हणाले, 'तांडेल, बोट किनाऱ्याला लावतो तशी गाडी लावली काय?' आम्ही सगळे हसलो. जिग्नेशने परत चाकं उघडली, त्याला काही सापडलं नाही. यांच्या समाधानासाठी त्याने ऑइल बदलून दिलं. आठवड्याने गाडी पुन्हा त्याच्या दारात.

मी मेली त्या दिवसांत दुसऱ्याच गोष्टीवर हसत होते. पप्पा बाजारातून यायचे ते एका पायात चप्पल घालून. दुसरी कुठे गळली त्याचा पत्ता नाही, आणि घरी येईपर्यंत त्यांच्या लक्षातही नाही. मी चिडवायची, या वयात कुणाला आठवण म्हणून चप्पल देऊन येता? मग एक दिवस फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. त्यांच्या मागोमाग गेले तर हे पडवीत निवांत चहा पीत बसलेले, आणि तळव्यात शिंगाळ्या माशाचा काटा. शिंगाळ्याचा काटा, निलू! तो रुतला की भलेभले तांडेल आईच्या नावाने ओरडतात. हे म्हणाले, 'लागला असंल कुठंतरी.' जन्म समुद्रावर गेला, पाय दगड झालेत, अशी मी माझी समजूत घातली. साखरेच्या आजाराची गोळी मनात येईल तेव्हा घेतात हे मला माहीत होतं, पण साखर आणि पाय या दोन गोष्टी मी एकत्र जोडल्याच नाहीत.

परवा जिग्नेशने मलाच गाडीत बसवलं. स्टेशन रोडला वेग घेऊन त्याने असा ब्रेक दाबला की माझं कपाळ पुढे आपटता आपटता राहिलं. 'जोयुं ने काकी, बघितलं ना? ब्रेक बराबर छे. आता काकांना सांगा, टेन्शन घेऊ नका.' पप्पांना ते पटेना. सपाटीवर कुणीही थांबवेल, उतारावर बघू म्हणाले, आणि मला घेऊन कोसबाडच्या टेकडीला निघाले. वर जाताना सगळं छान. उतरताना पुढच्या वळणावर एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. मी म्हटलं, अहो, हळू. ते म्हणाले, 'दाबतोय ना, लागत नाय!' गाडी तर वेग धरत होती. मी खाली बघितलं.

त्यांचा पाय ब्रेकवर नव्हताच गं. ब्रेकच्या बाजूला, खालच्या रबराच्या मॅटवर होता. सगळा जोर लावून मॅट दाबत होते, मांडी थरथरत होती, कपाळावर घाम होता आणि तोंडाने म्हणत होते, 'बघ, बघ, हाय का काय ब्रेकात?' मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी तिरकी होत गटाराच्या कडेला जाऊन थांबली. त्या बाईने भारा टाकून कुंपणात उडी घेतली होती. आणि पप्पा पहिलं काय बोलले असतील? 'हँडब्रेक कशाला ओढला? चिकटंल ना परत!'  घरी येईपर्यंत माझी नजर त्यांच्या पायावरून हलली नाही आणि हात त्या हँडब्रेकवरून. त्यांनी हात काढ म्हटलं नाही.

त्यांना सांगायचं होतं गं त्याच दिवशी. तोंड उघडायची आणि तुझे मोठे काका डोळ्यांपुढे यायचे. त्यांचंही साखरेने असंच झालं होतं, आधी पायाचं बोट काळं पडलं, मग पाऊल कापलं, मग गुडघ्यापर्यंत. शेवटी ते खाटेवर पडून समुद्राकडे पाठ करून झोपायचे. त्यांना आंघोळ पप्पाच घालायचे. पप्पांनी बोट सोडली तेव्हा मला म्हणाले होते, जाऊ दे, गाडी तरी हाय हातात.

काल दुपारी मी कपडे काढायला मागच्या दारी गेले, तर हे पायरीवर पाय घेऊन बसलेले. हातात पोती शिवायचा दाभण. डोळे घट्ट मिटून तळव्याला टोचत होते, आणि मग डोळे उघडून बघत होते, टोचलंय की नाही ते. पुन्हा मिटायचे, पुन्हा टोचायचं. मी तशीच मागे फिरले आणि स्वयंपाकघरात भांडी मुद्दाम वाजवली, दाभण लपवायला त्यांना वेळ मिळावा म्हणून. आत आले ते मला म्हणाले, 'जिग्नेशचं काम कच्चं हाय. लायनर नवीन घालाय पाहिजेत.' त्यांना कळलंय, निलू. माझ्याआधी कळलंय. ते माझ्यापेक्षा जास्त घाबरलेत, आणि तरीही उद्या तुला त्या गाडीत बसवणार आहेत. कारण नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागेल.

म्हणून हे पत्र. ज्याने ते तुझ्या हातात दिलं तो शुक्रा, आपल्या मागच्या आळीतला, बाहेर त्याची जीप घेऊन उभा असेल. आज त्याने दुसरं कुणी भरलेलं नाही, पुढची सीट तुझ्यासाठी ठेवलीय. दीपकरावांना सोबत घे, पिशवी उचल आणि आजच निघ. तू अंगणात उतरलीस की उद्या पप्पांना निघायचं कारणच राहणार नाही. तू पोचेपर्यंत त्यांनी उगाच फेरी मारायला काढू नये म्हणून गाडीची किल्ली मी सुकटाच्या डब्यात घातलीय. शोधू देत, तो डबा त्यांनी आयुष्यात उघडलेला नाही. आल्यावर त्यांना रागावू नकोस. उतारावरचं तर काढूच नकोस. आधी त्यांच्याशेजारी पायरीवर बस, त्यांचा उजवा पाय तुझ्या मांडीवर घे, तळव्यावर हात ठेव आणि विचार, पप्पा, माझा हात लागतोय का? तुझ्याशी ते खोटं बोलायचे नाहीत. नाही म्हणाले तर मला आतून हाक मार, मग आपण तिघं डॉक्टरकडे जाऊ. मीच विचारलं असतं गं, बायको आहे त्यांची. पण ते नाही म्हणतील या भीतीने माझा हात पुढे होत नाही.

वाट बघणारी, तुझीच
आई