ठमीचा झगा

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज सकाळी मी तुझ्या मांजरीचं औषध खाल्लं. आमची ही तुला सांगणारच, त्याआधी मीच कळवतो. ठमीची गोळी लोणी लावलेल्या पावाच्या तुकड्यात दडवली, शेजारी माझा पाव ठेवला आणि नेहमीप्रमाणे डोळे मिटून प्रार्थनेला बसलो. डोळे उघडले तेव्हा ठमी मिशा चाटत होती. उरलेला तुकडा देवाचं नाव घेऊन तोंडात टाकला. कडूजहर! डॉक्टर म्हणाले, तुम्हाला काही होणार नाही, मांजरीला मात्र दुसरी द्या.

ठमीच्या ऑपरेशनचे टाके कोरडे आहेत. गळ्यातलं ते प्लॅस्टिकचं नरसाळं घेऊन ती दारात अडकायची, म्हणून अस्तराच्या कापडाचा झगा शिवला. चार बाह्या, पाठीवर नाड्या. इतक्या वर्षांच्या शिवणकामात माप घेताना चावलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक. तुझ्याकडच्या उंच कपाटांवर उड्या मारून तिने टाके उसवले असते. इथे ठेवलीस ते बरं केलंस. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं, म्हणून हे पत्र आमच्या हिच्याबरोबर धाडतो.

माया असू दे.
तुझा धाकटा

१६ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

टाके निघाले, तरी मांजर परत का येत नाही? तू लिहितोस, अशक्तपणा आहे. तुझी बायको सांगून गेली की त्या अशक्त मांजरीने काल पडद्यावर चढून पाल धरली. शिवाय म्हणे दुसरा झगा शिवलास, तोही खिशाचा! मांजर खिशात काय ठेवणार, चष्मा? लहानपणी माझी बाहुली आजारी आहे म्हणून तूच उशाशी ठेवून घ्यायचास. ती अजून बरी झालेली नाही.

तुझे दाजी गेल्यापासून घर खायला उठतं. पुढची खोली तुझ्या दुकानासाठी मोकळी ठेवली, किल्लीसुद्धा दिली. पण लोक म्हणतील बहिणीच्या घरात जाऊन बसला, हे तुझं पालुपद. बरं, तू येऊ नकोस. रविवारी माझी ठमी तरी धाड.

रागाचं लिहून झालं, माया आहे तशीच आहे.
तुझी ताई

१८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ठमी काल शिंकली. एकदाच, पण शिंकली. हल्ली प्रार्थनेच्या वेळी ती मांडीवर येऊन बसते. आज हात जोडले आणि मनात आलं, देवा, हिला थोडा अशक्तपणा राहू दे. मग देवासमोर मान वर करायची लाज वाटली. काय ते रविवारी करतो.

तुझा धाकटा

२२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू बाजारातून येशील तेव्हा हे पत्र पुढच्या खोलीत, शिलाई मशीनवर सापडेल. हो, माझ्याच. सकाळी हातगाडीवरून आणलं. पाटीही दारावर ठोकली. लोकांनी विचारलं तर सांग, मांजरीला शिंप्याची सवय लागली आहे.

खिशाचं विचारलं होतंस ना? तुझ्या घराची किल्ली इतकी वर्षं दुकानात खिळ्याला लटकत होती. आज ठमीच्या खिशात घालून आणली. दार उघडलं आणि तिचा झगा काढला. पोटावर केससुद्धा उगवलेत.

ती मशीनवरच झोपली आहे, उठवू नकोस. मी इस्त्री आणायला गेलोय. कान धरायचा असेल तर चहा झाल्यावर धर.

तुझा धाकटा