भाव सुषमाताईंनी सांगितला

मंगळवार, अमरावती

वरूडहून आत्ताच परतले. पाठ भरून आली आहे. सहा महिने झाले, सुषमाताईंची धंद्यातली कोच म्हणून तिथे जाते आहे, तरी घरचे विचारतात, कोच म्हणजे करतेस तरी काय?

त्यांचा नवरा वारल्यापासून घरच्या संत्र्यांचं पॅकिंग सुषमाताईच बघतात, पण व्यापाऱ्याशी बोलायचे दीर. मी शिकवलं काहीच नाही, नुसते प्रश्न विचारत गेले. आज व्यापारी आला आणि दीर तोंड उघडणार, तोच त्या म्हणाल्या, "भाऊजी, थांबा. भाव मी सांगतो." भाव सांगून त्या त्यावर ठाम राहिल्या, आणि व्यापाऱ्यानं तो मान्य केला.

निघताना म्हणाल्या, "मॅडम, आता येऊ नका. जमते मले."

हेच तर ऐकायचं होतं मला. मग बसमध्ये रडू का आलं?