टाळ्या मशीनला

नाशिक, १५ मार्च १९८१

कालच्या मंडळाच्या कार्यक्रमाची शिसारी अजून जात नाही. आमच्या मंडळात गाणाऱ्या सुशीलाने वर्षभर खपून रचना बांधली: एकटा गळा, आणि तोच आवाज पकडून तिथल्या तिथे परत सोडणारं इको मशीन, देवळालीच्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून आणलेलं. स्टेजवर, रचनेत ठरलं होतं तशी, स्वतःच्याच आवाजाशी ती भांडायला लागली, तेवढ्यात मंडळाच्या सेक्रेटरीने मशीन बंद केलं.

"ताई, आवाज फाटत होता, काढला बिघाड. आता गा बिनधास्त."

ती गायलीच नाही. खाली येऊन बसली.

मग माझं भाषण, आणि सेक्रेटरीने मशीन पुन्हा सुरू केलं. "अण्णा, तुमच्या आवाजाला घुमारा पाहिजेच."

आता बिघाड नव्हता? 'विचार करा' म्हणालो. मशीन 'करा, करा, करा' म्हणत राहिलं. किळस आली, मध्येच थांबलो. मशीन मात्र घुमतच होतं. टाळ्या त्यालाच पडल्या. सुशीलासमोर.