अकरा एकेचाळीसचा मेल

३ मार्च
नांदगाव पेठच्या सूतगिरणीत लागलो. आईनं अकोल्यात साऱ्या गल्लीले सांगून टाकलं, पोरगं अमरावतीत पक्कं झालं. अजून सहा महिने कच्चाच हावो, ते गोष्ट वेगळी. काम सोपं. गिरणीची मेलयादी सांभाळाची. एक मेल टाकला का चारशे फोन वाजतात. मॅनेजर गजेंद्रभाऊ दिलदार माणूस, पहिल्याच दिवशी गिलावडा खाऊ घातला. वह्या हरवतात, म्हणून ही डायरी फोनवरच.

५ मार्च
झाडूवाली चतुराबाई टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिची पोरगी प्राजक्ता माह्याच खुर्चीवर होती. दिवाळीच्या आधी सुताले वाफ द्याच्या खोलीत अडकून मेली. वाफ रोज पावणेबाराले आपोआप सुटते. आत फोन लागत नाही. गिरणीचं वायफाय तेवढं धरते, आन् त्यावर फक्त ही यादी चालते. पोरीचं खातं मायच्या फोनवर अजून उघडं हाय. शेवटचा मेल ११.४१ चा. ‘पाठवला’ अशी खूण. चारशेपैकी एकालेही भेटला नाही.
“बाबू, फोन म्हणते गेला. मंग गेला कोठी?”
म्या म्हटलं, शोधतो.

८ मार्च
सापडला. पत्ता चुकला असता तं मेल परत आला असता. परत आला नाही, म्हणजे यादीनं घेतला आन् गिळला. सेटिंगमंदी एक नियम होता: या पत्त्यावरून आलेलं गुपचूप फेकाचं, पाठवणाऱ्याले कळवाचं नाही. पत्ता एकच, प्राजक्ताचा. लावणारा गजेंद्रभाऊ. वाफेच्या खोलीचं दार आतून उघडाची कडी तुटली म्हणून तिनं नऊ मेल यादीवर टाकले होते. गजेंद्रभाऊले चारचौघांत खाली पाहा लागलं, म्हणून हा नियम. दहावा मेल असा: दार उघडत नाही, मी आत हाय, कोणी या.

९ मार्च
गजेंद्रभाऊ चिडला नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणे, नियम, मेल, सारी नोंद पुसून टाक, सोमवारी पक्की ऑर्डर घे.
पुसली.
चतुराबाईले सांगतलं, रेंज नसन, मेल निघालाच नाही. तिनं फोनवरची ‘पाठवला’ खूण परत पायली. मंग झाडू उचलला.

१२ मार्च
नियम परत आला. म्या लावला नाही. पत्ता गजेंद्रभाऊचा. साडेदहाले पायलं, वाटलं, जेवल्यावर काढतो.
सव्वाबाराले फेकलेल्या मेलांत त्याचा मेल दिसला. ११.४१. दार उघडा.
वाफेच्या खोलीकडे धावलो. उशीर झाला होता.

१४ मार्च
नियमात आता माहा पत्ता. काढतो, परत येते. सात वेळा काढला. कडी अजूनही कोणी बसवली नाही. मीच बसवतो, दाराले वीट लावून.

१६ मार्च
११.३० वीट लावली. पाच मिनिटांचं काम, वाफेच्या आधी होते. आत आलो. स्क्रू गंजले—

११.३६ दार लागलं. वीट कोठी—

११.४१ हे सारं यादीवर टाकलं. ‘पाठवला’. कोणाचाच फोन वाजला नाही.

११.४३ बाहेर झाडूचा आवाज. दारापाशी आला. थांबला. म्या दार बडवलं, म्हटलं मेल टाकला, उघड.
ती म्हणे, “रेंज नसन, बाबू.”

११.४४ चतुराबाई, पोरीचा मेल म्या पुसला, माह्याच हातानं, मी साऱ्याइले सांग—