भट्टी-३ आणि तात्यांचा उजवा हात

१२ जानेवारी ८६, रविवार. बिरवाडी

भट्टी-३ आली! सलीमच्या भावाने कुवेतहून धाडली, कुणाच्या तरी बॅगेत नव्या चपलांत खुपसून. कॅसेटला अजून चामड्याचा वास. कव्हर नाही, वाजवणाऱ्यांची नावं नाहीत, भावाच्या हातचा नुसता ३ चा आकडा. १ आणि २ पण अशाच आल्या होत्या.

ऐकायची जागा नेहमीची, परांजप्यांची खोली. (पुण्याचे, इथे कारखान्यात केमिस्ट. पुढे नुसतं प. लिहीन, नाव लांब आहे.) बँडचं खरं नाव द क्वायट फर्नेस. प.नी पहिल्याच दिवशी अर्थ सांगितलेला, शांत भट्टी. त्यावर सलीम, "शांत? माझ्या दुकानात बिघडलेले रेडिओ येतात ते पण याच्यापेक्षा गप असतात." तेव्हापासून आपली भट्टीच.

अख्खी एक बाजू म्हणजे एकच गाणं. ऑर्गनवाला एक सूर धरतो आणि सोडतच नाही, भरलेला ट्रक आंबेनळी घाटात पहिल्या गिअरवर चढतो तसा. मग ढोल. (ड्रम म्हणायचं असतं. मी ढोलच म्हणतो.)

आणि ढोल वेगळाच! १ आणि २ मध्ये तो माणूस नुसता कोसळतो. इथे कंजूष. जिथे मोठा टोला यायला हवा तिथे काहीच नाही. भोक.

प. : "ड्रमर बदलला. या सगळ्या बँडांचं असंच. तिसऱ्या रेकॉर्डला फाटतं. गिटारवाल्याला सोपी गाणी करायची असतात, ऑर्गनवाल्याला देव व्हायचं असतं, जातो मात्र ड्रमर. हा नवीन आहे आणि कच्चा आहे."

सलीम : "नवीन हाय, पण कच्चा नाय. मुद्दाम करतोय. प्रयोग."

मी म्हटलं, जुनाच आहे. तोच माणूस.

"कशावरून?"

सांगता येईना. प. हसले. "गणपत, नुसते कान असून भागत नाही. वाचावं लागतं."

नववीत सोडली शाळा ती कानांनी सोडली का?

१६ जाने.

सलीमने टेपरेकॉर्डर दोन दिवसांसाठी दिला. सेल आणायला म्हणून बाहेर पडलो. नाक्यावर बटाट्याचा ट्रक वर निघालेला, ड्रायव्हर ओळखीचा, बसलो. महाबळेश्वरात थंडीने दात वाजले. दात सात मात्रांत वाजवता येतात का बघितलं. येतात. भट्टी-२ ची दुसरी बाजू अशीच सात मात्रांत आहे.

सेल राहिले.

१९ जाने., रवि. कुडपण

उतरताना घाटात ट्रक सोडला आणि चालत गावाला आलो. चुलत्यांकडे, म्हणजे तात्यांकडे.

ढोल आढ्याला टांगलाय, वर काकीचं जुनं लुगडं. काकीने मला परसात नेऊन सांगितलं, "त्याचा विषय काढू नको रं." पावसाळ्यात तात्या हिरड्याच्या झाडावरून पडले. उजवा हात छातीच्या वर जात नाही. परवा गावकी बसली नि ठरलं, यंदा शिमग्यात पालखीपुढे ढोल पोलादपूरच्या वाजंत्री पार्टीचा. तीस वर्षं तात्यांचा ढोल. पालखी नाचवणाऱ्यांची पोरं आता पालखी नाचवतात, ढोल तोच.

तात्या ओटीवर वाल सोलत बसलेले, डाव्या हाताने.

२० जाने.

विषय काढला नाही. टेप लावला, आधी भट्टी-२ थोडी, मग ३. (सेल शेजाऱ्याच्या बॅटरीतले.) ऑर्गन सुरू झाला तसे तात्या, "ह्यो कोण मेला?" मग ढोल. वाल सोलणं चाललेलं. मग थांबलं.

"परत लाव."

लावलं. चार वेळा. काकी म्हणाली, "आता म्हस दूध देणार नाय."

तात्या : "ह्याचा उजवा गेलाय."

मी बघतच राहिलो. म्हटलं, तात्या, बिरवाडीचे साहेब म्हणतात माणूसच बदलला.

"माणूस कशाला बदलंल? डावा ऐक. डावा तोच हाय, आधीच्या टेपात होता तोच. मोठा टोला उजव्याचा. तो उचलत नाय म्हणून डाव्यानं आधीच सांगून ठेवतो, आता येतोय, आता येतोय. आणि मग गप बसतो. न मारलेला टोला आपल्याला ऐकू येतो." उजवा खांदा चोळत, "मी तिथं मारायला जातो. कमी पडतो. ह्यो मारायलाच जात नाय. शाणा हाय."

मला बारा तारखेला हेच म्हणायचं होतं!

२६ जाने., रवि. बिरवाडी

सांगितलं सगळं. सलीम उठून उभाच राहिला. प. : "तुझ्या काकांनी आयुष्यात कधी ड्रम सेट पाहिला आहे का?"

मी : "तुम्ही कधी ढोल गळ्यात घातलाय?"

सलीम : "झाला एक एक गोल."

प.चं म्हणणं, पुरावा आणा. बरोबर आहे त्यांचं. पण जोरात बोलले म्हणून चहा त्यांनी मला आधी दिला.

टेप परत मागितला सलीमने. म्हटलं, पालखीपर्यंत दे. "मग दोन दिवस कशाला म्हणालास रे?" दिला पण.

९ फेब्रु. कुडपण

ढोल खाली आला. लुगडं काकीने घडी घालून ठेवलं, चेहरा असा की जणू कुणी माहेरचं आलंय.

तात्यांनी दोरी आखूड केली. ढोल छातीला लावून आडवा, टिपरू डाव्या हातात, उजवा हात नुसता चामड्यावर ठेवलेला. चार दिवस नुसता गोंधळ. चालच मोडायची. एकदा टिपरू अंगणात फेकलं. कुत्रं घेऊन पळालं, मी कुत्र्यामागे, तिथून करवंदीच्या जाळीत, तिथे पोळं दिसलं. मध घेऊन दुपारी परत आलो तर तात्या चुलीतल्या लाकडाने वाजवतायत. आणि भोक पडलं! बरोबर जागेवर. माझा पाय आपोआप त्या भोकात आपटला.

"कळलं?" तात्या म्हणाले. "टोला मी मारायचा नाय. नाचणाऱ्यांनी मारायचा."

हे प.ना सांगायला हवं. हे त्यांच्या कुठल्या इंग्रजी मासिकात आहे?

२ मार्च, रवि.

गावकीत तात्या स्वतः उठले. मानकरी भला माणूस, पण, "तात्या, देवाचं काम हाय. मधीच ढोल पडला तर?" तात्या म्हणाले, देवळापासून सहाणेपर्यंत (पालखी टेकवतात तो चौथरा) माझा. एकदा जरी पाय चुकले तर ढोल मीच उतरवीन, पुन्हा गळ्यात घालणार नाय. पार्टी आणा, शेजारी उभी करा.

झालं कबूल.

मी मधे बोलायला गेलो, कुवेत, भट्टी वगैरे. मानकरी म्हणाला, "ह्याला कुणी आणला?" गप बसलो.

रोजनिशीत पण आता गप बसतो.

२६ मार्च. कुडपण

आज पालखी झाली. लगेच लिहायला बसलो.

सलीम आला, प. पण आले! चढावर प.चा बूट फाटला, काथ्याने बांधून आले. सलीमने नवी कॅसेट आणलेली, देवळाच्या पायरीवर टेप ठेवून रेकॉर्डचं बटण दाबून बसला.

पार्टी तयार उभी. त्यांचा ढोलवाला तरणा, दंड हे एवढे.

पालखी उठली. सनई लागली. तात्यांचा डावा सुरू. पहिलं भोक आलं आणि कुणाचाच पाय पडला नाही. सगळे गोंधळले. टोल्याची वाट बघतायत. दुसरं भोक. पालखी कलली. मानकऱ्याने पार्टीकडे बघितलं. तात्यांनी कुणाकडेच बघितलं नाही, डावा तसाच, आता येतोय, आता येतोय...

तिसऱ्याला काकीने आपटला पाय. बायकांतून, एकटीने, धाडकन. मग मी. मग पालखीखालचे चौघे, एकदम. जमीन वाजली! भोक राहिलंच नाही, अख्खा गाव त्या जागी टोला मारत होता आणि तात्यांचा हात नुसता चामड्यावर. सनईवाला डोळे मिटून. सहाणेपर्यंत एक पाय चुकला नाही. सहाणेवर पालखी ठेवायची तर पोरं ठेवीनात, पुन्हा फिरवली, तीनदा!

पार्टीचा ढोलवाला आला, तात्यांच्या पाया पडला, विचारलं, "बाबा, ही चाल कुणाची?"

तात्या : "एक गोरा हाय. हात गेलेला."

प. रडत होते का घाम होता, माहीत नाही. म्हणाले, "पुरावा नाही हा." मग म्हणाले, "पण काय वाजवलं रे!"

१३ एप्रिल, रवि. महाड

सलीमचा भाऊ रजेवर आलाय. माझ्या सांगण्यावरून १, २, ३ तिन्हींची खरी कव्हरं शोधून आणली त्याने! सलीमच्या दुकानात, रेडिओंच्या पसाऱ्यात, प.नी वाचली. ढोलवाल्याचं नाव तिन्हींवर एकच.

एकच!!

दुकानाबाहेर जाऊन मी ओरडलो. समोरचा चणेवाला दचकला, त्याला पण सांगितलं.

प. उठून उभे राहिले, माझ्याशी हात मिळवला. "गणपत, मी चुकलो. माणूस तोच." मग बसले आणि भिंग घेतलं. ३ वर फोटो आहे, बँडमधले पाचही जण. ढोलवाला कडेला, आणि फोटो त्याच्या उजव्या खांद्याशी कापलाय. "हाताचं मात्र अजून सिद्ध नाही हं." सलीमने कपाळावर हात मारला.

आत बारीक अक्षरात बँडचा पत्ता आहे.

२० एप्रिल, रवि. बिरवाडी

पालखीची कॅसेट सलीमच्या भावाच्या बॅगेत जाणार. कुवेतहून पोस्टाने त्या पत्त्यावर. सोबत पत्र, इंग्रजीत, प. लिहितायत. दोन पानं झाली. ऑर्गनवाल्याचं काय चुकलं, तिसरी रेकॉर्ड दुसरीपेक्षा श्रेष्ठ का. (हे आता प. म्हणतात!) शेवटी म्हणाले, तुझ्या काकांचं काय लिहू?

काल मुद्दाम वर कुडपणला जाऊन विचारून आलो होतो. तात्या पार्टीच्या पोराला डावा शिकवत होते. टिपरू खाली ठेवून म्हणाले, "विचार त्याला, पावसाळ्यात खांदा ठणकतो का. आणि ठणकला तर काय लावतो."

प.नी पेन खाली ठेवलं. दोन्ही पानं फाडली. नव्या कागदावर तेवढंच लिहिलं.

भाऊ मंगळवारी निघतो.